संदल कुणाच्या डोक्यावर

“आणि त्यांनी मारलं तर?”

“मार खाईन,” निरंजनगिरी म्हणाला.

“आणि नाही मारलं तर?”

निरंजनगिरीचा हात सहाणेवर थांबला. काशीला इतकी वर्षं काढली, पण तिथं हे कुणी विचारलं नव्हतं.

समोर दगडूशा फकीर चंदनाचं खोड पाण्यात बुडवून त्याच्या हातात देत होता. तोंडात दात थोडेच उरलेले, पण हसताना होते तेवढे सगळे दाखवायचा.

धामणटेक गावची रीत अशी, की पिराच्या उरुसाचं संदल, म्हणजे कबरीला लावायचं चंदन, उगाळायचं गोसाव्यांच्या मठात, महादेवाच्या सहाणेवर. मग गोसाव्यानं ते कटोऱ्यात भरून, डोक्यावर घेऊन, वेशीतून दर्ग्यात न्यायचं. शिवरात्रीला उलटं. तेव्हा महादेवाच्या नंदादीपाचं तेल दर्ग्यातून यायचं. हे कुणी सुरू केलं, का केलं, कुणालाच ठाऊक नाही. ठाऊक असतं तर कुणीतरी हरकत घेऊन कधीच बंद पाडलं असतं.

नियम दोनच. संदल वाटेत भुईला टेकवायचं नाही, आणि दिलेलं मागं फिरवायचं नाही. मान दुखली की जवळच्या माणसाला नुसतं ‘घे’ म्हणायचं. त्यानं पायताण काढायचं आणि कटोरा डोक्यावर घ्यायचा. जात विचारायची नाही, धर्म विचारायचा नाही, कालचं भांडणही काढायचं नाही. धामणटेकची पोरं चालायला लागली की हे शिकायची. शाळेत काही शिकायची नाहीत, पण हे शिकायची.

यंदा मात्र सगळं फिसकटलं होतं.

बाजाराच्या दिवशी एका बोकडानं एका टोपलीतली मेथी खाल्ली. बोकड एका धर्माचा निघाला, मेथी दुसऱ्या धर्माची. मग काय विचारता. शिव्यांवरून धक्क्यांवर, धक्क्यांवरून दगडांवर. सर्जेराव पैलवानाच्या धाकट्या भावाचं डोकं फुटलं. पोरगं तालुक्याच्या दवाखान्यात निपचित पडलं होतं, अजून डोळे उघडले नव्हते. लगोलग जहांगीर मुल्लाणीची पानटपरी जळून कोळसा झाली.

सर्जेरावानं जाहीर केलं, की संदल वेशीतून पुढं जाऊ देणार नाही. जहांगीरनं जाहीर केलं, की मठातलं चंदन दर्ग्याची पायरी चढू देणार नाही. गावाचं एवढं एकमत आजवर कधी झालं नव्हतं.

दोन्हीकडं काठ्या आणि दगड गोळा झाले होते. आता नुसतं निमित्त हवं होतं. आणि निमित्त तर हे दोघं सहाणेवर उगाळत बसलेले.

मठाचे थोरले महाराज हिवाळ्यात गेले. जाताना शिष्याला, या निरंजनगिरीला, सांगून गेले, की अडलास तर दगडूशाला विचार. निरंजनगिरीचं तसं काही अडलेलं नव्हतं. त्याला गीता पाठ होती, कुराणाचा मराठी तर्जुमा पाठ होता. शहरातल्या शांतता शिबिरात त्याचं भाषण होऊन अंगावर शाल पडली होती. शांततेवर तो इतक्या जोरात बोलायचा, की लाऊडस्पीकरची गरज पडत नसे. तरी गुरूचा शब्द, म्हणून आला होता फकिराकडं.

आज वेशीत काय बोलायचं, तेही त्यानं ठरवून ठेवलं होतं. चंदन उगाळता उगाळता त्यानं ते सगळं फकिराला म्हणून दाखवलं. दोन्ही धर्मांतली वचनं एकापुढं एक अशी बसवलेली, की ऐकणाऱ्याला पळायला वाट राहू नये.

दगडूशानं मान डोलावत सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “यात सर्जेरावाच्या भावाचं नाव कुठं आलं?”

ते आलं नव्हतं.

“नाव काय त्याचं?”

निरंजनगिरीनं खोड पुन्हा पाण्यात बुडवलं.

“असू दे. उगाळ.”

कटोरा भरला. निरंजनगिरीनं तो पांढऱ्या फडक्यानं झाकला, डोक्यावर घेतला आणि म्हणाला, “बाबा, आज मी कुणालाही ‘घे’ म्हणणार नाही. मठापासून दर्ग्यापर्यंत एकटा नेणार.”

“मान दुखेल, बुवा.”

“दुखू दे.”

“बरं,” फकीर म्हणाला, आणि मागून चालू लागला.

एरवी या वाटेनं अर्धं गाव पुढं नाचत असायचं. आज ताशा नाही, लेझीम नाही. दारं बंद. खिडक्यांच्या फटीतून मात्र डोळे दिसत होते. शूर लोक फटीतूनच बघतात.

दिवस कलायला लागला होता.

वेशीत तालमीची सगळी पोरं उभी होती. पुढं सर्जेराव. त्याच्या काठीला खालून लोखंडी कडं होतं, आणि डोळे दवाखान्यातल्या जागरणानं सुजलेले होते.

“मागं फिर, गोसाव्या.”

निरंजनगिरी फिरला नाही. बोलायला लागला. आधी एक वचन, मग दुसरं, मग त्या दोन्हींचा मिळून अर्थ. आवाज खणखणीत, चेहरा शांत. पोरं ऐकत राहिली. सर्जेरावही ऐकत होता, काठी भुईला टेकवून. खरं सांगायचं तर त्याला मारायचं नव्हतंच. त्याला कुठंतरी उभं राहायचं होतं, आणि दवाखान्याच्या आत उभं राहवत नव्हतं.

पण निरंजनगिरीला कुठं थांबायचं ते कळलं नाही. भाषण करणाऱ्याला कधी कळलंय?

“मार, सर्जेराव. माझा हात उठणार नाही. मी पडेन, पण लाज तुला वाटेल. तुझ्या लेकरांना वाटेल. त्यांच्याही लेकरांना वाटेल.”

काठी भुईवरून उचलली गेली.

मागची पोरं सरसावली. कुणीतरी वेशीच्या दाराला टेकलं तशी जुनी फळी करकरली.

निरंजनगिरीनं डोळे मिटले. भीती होती, पण त्या भीतीखाली काहीतरी गोड गोडही वाटत होतं. मुंडावळ्या बांधताना नवरदेवाच्या तोंडावर येतं, तसलं तेज त्याच्या तोंडावर आलं होतं. आता पडेल. आता पडेल काठी.

काठी पडली नाही. त्याच्या डोक्यावरचं ओझं तेवढं गेलं.

त्यानं डोळे उघडले. उगारलेल्या काठीच्या बरोबर खाली दगडूशा उभा होता. दोन्ही हातांत कटोरा. तो त्यानं सर्जेरावाच्या छातीपाशी धरला.

“घे.”

सर्जेरावाला विचारलं असतं, तर तो नाहीच म्हणाला असता. पण हातांना कुणी विचारलं? लहानपणापासून हा शब्द ऐकला की पुढं व्हायचं, एवढंच त्यांना ठाऊक. काठी सुटली ती मागच्या पोराच्या पायावर पडली, ते कळवळलं. सर्जेरावाच्या वहाणा त्याच्या नकळत पायांतून निघाल्या. आपण काय केलं हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा संदल त्याच्या डोक्यावर होतं.

“बाबा… हे काय केलंत?”

दगडूशा तोवर वेशीतल्या धोंड्यावर बसून गुडघे चोळत होता.

निरंजनगिरी पुढं झाला. म्हणाला, दे इकडं. पण दिलेलं मागं फिरत नाही, हे सर्जेराव जाणून होता. तो पोरांकडं वळला. ज्या पोरानं सकाळी जीव द्यायची शपथ सगळ्यात मोठ्यानं घेतली होती, त्यानं आधी हात पाठीमागं नेले. मग बाकीच्यांनी. बघता बघता अख्ख्या तालमीला हातच उरले नाहीत.

टाकून द्यावं? मठाशी वैर होतं, फकिराशी वैर होतं, पण त्याच्या बापानं आणि बापाच्या बापानं वाहिलेलं संदल धुळीत ओतायचं म्हणजे…

त्यानं एक कचकचीत शिवी दिली. नेमकी कुणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. आणि तो दर्ग्याच्या वाटेला लागला.

पैलवान पुढं, म्हणून पोरं मागं. पोरांच्या हातात काठ्या तशाच. त्यांच्यामागं लंगडत फकीर, आणि सगळ्यांच्या शेवटी रिकाम्या डोक्याचा निरंजनगिरी. त्याच्या मनात एकच चाललं होतं, की आता मात्र खून पडणार. दर्ग्याकडून बघणाऱ्याला हे संदल दिसेल, की काठ्या?

आधी काठ्या दिसल्या.

एक दगड सणसणत आला आणि सर्जेरावाच्या पायाशी फुटला. त्याला वाकता येईना, बाजूला होता येईना, डोक्यावर कटोरा. तो ताठ उभा राहिला. दुसरा दगड आला नाही. दर्ग्याच्या पायरीवरून जहांगीरनं हात वर करून आपल्या माणसांना थांबवलं होतं. त्याच्या दुसऱ्या हातात दगड होता.

सर्जेराव पायरीपर्यंत आला. दोघांत हातभर अंतर राहिलं.

“घे,” सर्जेराव म्हणाला.

जहांगीरनं घेतलं नाही.

मग जी जुंपली! सर्जेरावानं जहांगीरच्या आज्यापासून सुरुवात केली, जहांगीरनं सर्जेरावाच्या पणज्यापासून. गटारीचं पाणी कुणी कुणाच्या दारात सोडलं, कुस्तीच्या पंचानं कुणाला झुकतं माप दिलं, पोळ्याला कुणाचा बैल कुणाच्या अंगणात शिरला, सगळं निघालं. धामणटेकमध्ये इतकं मनमोकळं बोलणं कैक वर्षांत झालं नव्हतं. आणि गंमत अशी, की एकाच्या डोक्यावर संदल, म्हणून दुसऱ्याला हात उगारता येईना. पैलवानाचे तर दोन्ही हात कटोऱ्याला गुंतलेले. बोलण्याशिवाय इलाजच नव्हता.

बोलून बोलून दोघांचे घसे बसले.

“आमच्या पोपटनं अजून डोळे उघडले नाहीत,” सर्जेराव म्हणाला.

जहांगीरचा आवाज खाली आला.

“तो दगड माझा नव्हता.”

“कुणाचा होता?”

“…मला माहीत आहे.”

मागं पायरीवर कुणीतरी हळूच सरकलं.

“आणि माझी टपरी?” जहांगीरनं विचारलं.

सर्जेरावाला मान वळवता येत नव्हती. पण पाठीमागं कोण खाली बघत असेल, हे त्याला न बघताही कळलं.

“मलाही माहीत आहे,” तो म्हणाला.

मशिदीतून सांजेची, मगरिबची अजान सुरू झाली. सर्जेरावाची मान थरथरत होती. फडक्याखालून संदलाचा एक ओघळ त्याच्या कपाळावर उतरला, भुवईत शिरला. पुसायला हात मोकळा नव्हता.

“जहांगीर… घे.”

जहांगीरनं पायांतली चप्पल काढली. पण दगड ठेवायला त्याला वेळ लागला. आधी त्यानं तो बघितला, मग पायरीच्या कडेला हळू टेकवला, आवाज न करता. आणि दोन्ही हात पुढं केले.

गळाभेट वगैरे काही झाली नाही. ज्यांना तसली गोष्ट हवी असेल, त्यांनी दुसरा सांगणारा गाठावा. सर्जेराव तसाच अनवाणी तालुक्याच्या वाटेला लागला. जहांगीरनं संदल मजारीला लावलं. मग बाहेर येऊन पायरीवरून सरकलेल्या त्या पोराला दंडाला धरून बाजूला नेलं, आणि मागोमाग दोघंही त्याच वाटेनं गेले. तालमीची पोरं काठ्यांचं काय करावं ते न कळून थोडा वेळ घुटमळली आणि पांगली. पोपटच्या डोळ्यांचं काय होणार, हे त्या संध्याकाळी कुणालाच ठाऊक नव्हतं.

दर्ग्याच्या ओट्यावर दगडूशा मलिदा खात बसला. निरंजनगिरीपुढंही त्यानं द्रोण सरकवला. निरंजनगिरीनं हात लावला नाही. गावात आज मढं पडलं नाही, एवढं त्याला दिसत होतं. पण आतून तो धुमसत होता. गाव वाचलं याचं सुख मोठं, की आपलं काहीतरी हुकलं याचं दुःख मोठं, हे त्याचं त्यालाच ठरवता येईना.

अखेर तो बोलला.

“बाबा, मी तुम्हाला ‘घे’ म्हणालो नव्हतो. तुम्ही रीत मोडलीत.”

“मोडली.”

“मान माझ्या मठाचा होता.”

“होता.”

“मी मरायलाही तयार होतो.”

“दिसत होतं,” फकीर म्हणाला, आणि बोटाला लागलेला गूळ चाटला.

निरंजनगिरीचे डोळे भरून आले. रागानं की कशानं, कुणास ठाऊक.

“काठी सर्जेरावाच्या हातात होती. काढून घ्यायची तर त्याची घ्यायची… माझ्या डोक्यावरचं का काढलंत?”

दगडूशानं त्याच्याकडं बघितलं. पहिल्यांदाच न हसता.

“काठ्या दोघांकडं होत्या, बुवा. तुझी माझ्या हाताशी होती.”