ठमा लोणारीण आणि बाभळीत अडकलेला सूर्य

हिवरओहोळ गावाला अजून वेस होती आणि सूर्य बुडाला की वेशीचं दार लागायचं, तेव्हाची ही गोष्ट. वेशीबाहेर ओढ्याकाठी ठमा लोणारीण चुन्याची भट्टी लावायची. चुनखडी भाजून भाजून तिचे हात पांढरे पडले होते. तोंड मात्र तिखट. पाटील असो नाहीतर पुजारी, ती कुणाला अहोजाहो करत नसे. तिनं चार शिव्या घातल्याशिवाय भट्टीसुद्धा पेटत नव्हती, असं म्हणतात.

त्या काळी गावात एक खुळी रीत होती. खुळी म्हणजे खुळीच, तिला दुसरा शब्द नाही. घरातलं पाखरू आजारी पडलं की म्हणायचे, त्यानं घराची पीडा अंगावर घेतली. मग त्याला औषध नाही, पाणी नाही. दिवस मावळायच्या आत त्याला वेशीबाहेरच्या बाभळीखाली ठेवायचं आणि मागं न बघता परत यायचं. कोंबडी असो की पोपट, सगळ्यांना तीच बाभळ.

गावात गुंडाबाई होती आणि हौसा तिची सून. हौसानं माहेराहून येताना एक पोपट आणला होता, त्याचं नाव राजा. हौसाची आई लेकीला रोज विचारायची, "हौसे, जेवलीस का?" ते पोपटानं उचललं होतं. पुढं आई वारली. तिचा आवाज तेवढा त्या चोचीत राहिला. सासरी हौसाला असं विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

एके दिवशी राजा दांडीवरून उतरला आणि पिंजऱ्याच्या तळाशी जाऊन बसला. पिसं फुगलेली, डोळे अर्धे मिटलेले, शेपटी सारखी वरखाली. मिरची पुढं धरली तरी बघेना. गुंडाबाई म्हणाली, "पीडा घेतली त्यानं. ठेवून ये. आणि दार लागायच्या आत परत ये."

हौसा पिंजरा घेऊन बाभळीखाली आली, पण तिच्यानं तो खाली ठेववेना. भट्टीवरून ठमानं बघितलं.

"काय गं, झाडाची परवानगी मागतीस? इकडं आण."

ठमानं पाखरू हातात घेतलं, शेपटीखाली अलगद बोट लावलं. पोट टणक, पाय लुळे. पाखरू जोर लावत होतं आणि बाहेर काही येत नव्हतं.

"अंडं अडलंय," ठमा म्हणाली.

सून रीत पाळते का बघायला गुंडाबाई मागोमाग आलीच होती. "राजाला अंडं? धूर डोक्यात गेलाय तुझ्या."

"त्याच्या गळ्यात नराची कंठी आहे का?"

"वयात आला की येईल."

"म्हणजे इतकी वर्षं लेकीला मिशा फुटायची वाट बघतीस. मादी आहे ती."

"मग नर कुठाय? नराशिवाय अंडं आलं कुठून?"

"तुझ्या कोंबडीला विचार, तिला अंडं घालायला कोंबडा लागतो का ते."

हौसा पाखराचं पोट दाबायला गेली, तशी ठमानं तिच्या हातावर चापट मारली. "दाबू नको. आत फुटलं तर पाखरू गेलं. ऊब दे, ओल दे, अंधार दे. बाकीचं तिचं ती बघेल."

भट्टी तेव्हा भरात होती. त्या धगीत पाखरू भाजून निघालं असतं. ठमानं ओल्या मातीनं भट्टीचं तोंड लिंपून टाकलं. अख्खी खेप कच्ची राहणार हे तिला कळत होतं. भट्टीची बाहेरची भिंत हाताला सोसवेल एवढी झाली, तसं तिनं भिंतीशी ओलं फडकं अंथरलं, शेजारी कोमट पाण्याचं भांडं ठेवलं. पिसाच्या टोकानं शेपटीखाली तिळाचं तेल लावलं. चुन्यावरची स्वच्छ निवळी पाण्यात घालून थेंबभर चोचीच्या कडेला लावली. "ह्याचंच कवच होतं आणि ह्याचाच जोर येतो," ती म्हणाली आणि वरून घोंगडी टाकली.

तोवर सूर्य बाभळीला टेकला. वेशीवरून राखणदारानं हाळी दिली, "दार लावतोय, आत या."

"हौसे, चल," गुंडाबाई म्हणाली.

"मी उठले तर ती एकटी पडेल."

"बाहेर राहिलीस तर घराचं दार उघडायची नाही मी."

"नका उघडू."

गुंडाबाई तरातरा निघाली आणि अर्ध्या वाटेत थबकली. कारण सूर्य बाभळीच्या फांदीत अडकला होता, असं म्हणतात. पिवळा, गोल, तिथल्या तिथं. राखणदार अडसर हातात धरून उभा, पण दिवस बुडेल तर दार लावेल ना. रानातले सगळे पोपट आले आणि भट्टीभोवती चिडीचूप बसले. इतके पोपट आणि आवाज नाही, हे मला सूर्यापेक्षा मोठं वाटतं. घोंगडीखाली पाखरू जोर लावी, तसा वर सूर्य थरथरे.

मग घोंगडी हलायची थांबली. हौसानं डोळे मिटून घेतले. ठमानं घोंगडी उचलली, तर फडक्यावर पांढरंशुभ्र अंडं. आणि सूर्य सरकन खाली उतरला.

गुंडाबाई परत आली होती. दमलेल्या पाखरानं मान वर केली, थेट तिच्याकडं बघितलं आणि हौसाच्या आईच्या आवाजात म्हणालं, "हौसे, जेवलीस का?"

गुंडाबाईनं रिकामा पिंजरा उचलला. मग म्हणाली, "जेवली नाही ती. चला दोघी, भाकरी गार होतेय." त्या दिवशी अंधार पडला तरी राखणदारानं दार उघडंच ठेवलं.

भट्टी उघडली तेव्हा चुना कच्चा निघायला हवा होता. तो दुधासारखा निघाला, असं म्हणतात.

आता ठमा नाही, वेशीचं दार नाही, भट्टीचा नुसता उंचवटा उरलाय. बाभळीखाली मात्र पाखरू कुणी ठेवत नाही. गावात प्रत्येक पिंजऱ्यात, पाखराला कवचापुरता चुना मिळावा म्हणून, शिंपल्याचा तुकडा टांगलेला असतो, त्याला ठमाचा वाटा म्हणतात. पाखरू पिसं फुगवून तळाशी बसलं की तालुक्याच्या डॉक्टरला निरोप जातो, आणि तो येईपर्यंत घरचं माणूस ऊब धरून पाखराजवळ बसतं. त्या माणसाला त्या दिवशी काम सांगत नाहीत. शेजारघरातून भाकरी येते. बसलेली बाई असो की बाप्या, भाकरी आणणारी विचारते ते एकच, "हौसे, जेवलीस का?"