पागेतला एकोणिसावा घोडा

वाती वळता वळता ऐका, हात थांबवू नका. गोष्ट सोनखडीच्या चिमाक्काची आहे, आणि तिच्यात वातीचंच काम जास्त आहे.

फार वर्षांपूर्वी, घाटात मोटारीचा रस्ता झाला नव्हता तेव्हा, सोनखडी हे चढणीआधीचं शेवटचं गाव होतं. वर जाणारे घोडे इथं एक मुक्काम करायचे. त्यांच्यासाठी गावाची पागा होती. चिमाक्काचा नवरा तिथला मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा. तो गेला तेव्हा गाव म्हणालं, बाईमाणूस काय घोडे सांभाळणार. पण तिच्याशिवाय कुणाच्याही हातच्या तोबऱ्यात घोडे तोंड घालीनात, असं म्हणतात. मग पागा तिच्याकडेच राहिली.

तिची रीत ठरलेली होती. पहाटे लीद काढायची, ओल्या जागी राख टाकायची, दगडी डोण घासून ताजं पाणी भरायचं. खोगीर, लगाम, खरारा ज्या त्या घोड्याच्या खुंटीला. दाराशी वाळूची घमेली आणि भिजवलेली गोणपाटं. सगळं झालं की ती वहाणा बाहेर काढून पागेभर अनवाणी फिरायची. काटा असो, नालेचा तुटका खिळा असो, आधी तिच्या पायात जायचा.

"मला ओरडता तरी येतं," ती म्हणायची. "ह्या मुक्यांना कोण विचारणार?"

आणि तिची ती गाठ! दावं असं बांधायची की एक टोक ओढलं की सुटलंच. माणकोजी पाटील एकदा हसून म्हणाले, "आक्का, असल्या गाठीनं घोडं पळून जाईल की."

"घोड्याला नाही सुटत, पाटील. माणसाला सोडता येते," ती म्हणाली.

पागेच्या मागच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात खंडोबाचा टाक. रोज दिवेलागणीला तिथं दिवा लावायचा, ही पिढ्यांची चाल. चिमाक्का खंडोबाची मोठी भक्त. रविवार कधी मोडला नाही तिनं. पण एका संध्याकाळी दिवा लावून वळते तोच तिनं काय पाहिलं? एक उंदीर तुपाची पेटती वात तोंडात धरून गवताच्या गंजीकडे निघाला होता. तिनं वात पायाखाली चिरडली. तळवा पोळला. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं देवापुढे पदर पसरला. "देवा, तुझा दिवा मी अंगणात नेते. दारातून तुला दिसेल असा ठेवीन. चुकत असेन तर मला शिक्षा कर, पण ह्या जनावरांवर काढू नकोस." आणि कोनाड्यासमोर, अंगणापलीकडच्या धोंड्यावर तिनं दिवा ठेवायला सुरुवात केली.

गावात कुजबुज झाली. बाळोबा गुरव तर रोज येता-जाता म्हणायचा, "देव आत अंधारात आणि दिवा बाहेर वाऱ्यावर. कुठली गं ही भक्ती?"

"दिवा देवानं बघायचा असतो का अंगावर घ्यायचा?" चिमाक्का हसून म्हणायची. पण घरी आल्यावर तिचं मन तिला खायचं. आपण देवाला घराबाहेर तर नाही ना काढलं, ह्या विचारानं ती कूस बदलत राहायची.

मार्गशीर्षातली चंपाषष्ठी आली. जत्रेला लांबून माणसं आली आणि पागेत अठरा घोडे लागले. दुपारी पाटील आणि गुरव दोघं आले. पाटील अवघडून म्हणाले, "आक्का, आज सणाचा दिवस. आजच्या दिवस तरी दिवा कोनाड्यात लागू दे. नाहीतर गाव म्हणतंय, पागा दुसऱ्याच्या हाती द्या."

चिमाक्कानं धोंड्यावरचा दिवा उचलून गुरवाच्या हाती दिला. गुरवानं दिवा आत नेला आणि दिवेलागणीला आपल्या हातानं लावला. सगळे तळी भरायला देवळाकडे गेले. चिमाक्का तेवढी डोणीपाशी बसून राहिली. आज धोंड्यावर दिवा नव्हता. तिला तो धोंडा बघवेना.

आणि मग गवत तडतडल्याचा आवाज आला.

आग बघून घोडं पळत नाही, जागीच थिजतं. हे तिला माहीत होतं. तिनं ओलं गोणपाट उचललं आणि आत शिरली. घोड्याच्या डोळ्यांवर गोणपाट, दाव्याला एक ओढ, आणि घोडा दाराबाहेर. पुन्हा आत. एक, दोन, तीन, मोठ्यानं मोजत होती म्हणतात. देवळाकडून धावत आलेल्या माणसांनी घोडे बाहेर धरले, वाळू टाकली, पण आत पाऊल टाकायची कुणाची छाती झाली नाही.

अठरावा घोडा तिनं दारातून ढकलला आणि टाक आणायला परत वळली. टाक पदरात बांधला, पण धुरात तिला दार सापडेना. तेवढ्यात जवळच खूर घासल्याचा आवाज आला. हात पुढे केला तर आयाळ लागली. दावं चाचपलं, दावंच नव्हतं.

"तू कोण रे बाबा?" तिनं विचारलं. "मी तर अठरा बांधले होते."

घोडा चालू लागला. ती आयाळ धरून मागं गेली, आणि पागेचं आढं कोसळलं तेव्हा ती अंगणात उभी होती.

पाटील दाराशी मोजत होते. म्हणाले, "एकोणीस." पुन्हा मोजले, एकोणीस. एक पांढराशुभ्र घोडा डोणीवर शांत पाणी पीत होता. तिसऱ्यांदा मोजले तर अठरा भरले. डोणीच्या पाण्यावर भंडाऱ्याची पिवळी साय तरंगत होती. आणि समोर धोंड्यावर, जिथं त्या दिवशी कुणी दिवा ठेवलाच नव्हता, तिथं दिवा तेवत होता. असं म्हणतात.

गुरवानं त्या दिव्याला हात जोडले. मग म्हणाला, "आक्का, त्याची जागा त्यानंच दाखवली. आता मी काय बोलू?"

चिमाक्का पहिल्यांदाच रडली. नवी पागा उभी राहिली तेव्हा तिनं एकोणिसावी जागा बांधून घेतली, आणि ती रोज झाडायची.

आता सोनखडीत घोडे नाहीत, पागेचा नुसता चौथरा आहे. पण गोठ्यात कुणी दिवा लावत नाही. दिवा बाहेर, धोंड्यावर. गुरांना चिमाक्काची गाठ. चंपाषष्ठीला सगळ्या बाया गोठे झाडून अनवाणी फिरतात. आणि जनावरं मोजायला कुणी आलं तर सांगतात, "पाच आणि एक." गुरांचे नवे डॉक्टर विचारतात, "एक कुठाय, मावशी?" मावशी झाडलेली रिकामी जागा दाखवतात, आणि तिथली भरलेली बादली.

सकाळी त्या बादलीत आधी डोकावायचं, पाण्यावर पिवळं काही दिसतंय का ते बघायचं, मगच ती ओतायची. अजून कुणाला काही दिसलेलं नाही. पण बादली रोज घासून भरतात.