शामगोंडाची साखर

“पण वस्ताद, एका दमात चीत होईल असा कुठला तरी डाव असंलच की हिच्यावर?”

शामगोंडा पैलवानानं विचारलं आणि पुन्हा आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. ठेच लागून बरेच दिवस झाले, जखम सुकत नव्हती. त्याच्या बापाचंही असंच अंगठ्यापासून सुरू झालं होतं, आणि शेवटी गुडघ्याखालचा पाय गेला. शामगोंडाला भीती वाटत होती. पैलवानानं ती बोलून दाखवावी अशी जागा गावात एकच होती, म्हणून तो तालमीत आला होता.

कुस्ती सुटून वर्षं लोटली, खुराक मात्र सुटला नव्हता. तेच तूप, तीच थंडाई, आणि घाम म्हणाल तर नावाला नाही. मग रक्तात साखर निघणार नाही तर काय!

हैदरवस्ताद कट्ट्यावर बसून मेथीच्या भाजीशी भाकरी खात होते.

“डॉक्टर काय म्हनला?”

“गोळ्या दिल्यात. जेवल्यावर चाला, बेतानं खावा, येळेवर झोपा म्हनला... वस्ताद, चालनं हा काय पैलवानाचा व्यायाम हाय व्हय?”

“गोळ्या घेतोस न्हवं?”

“घेतो.”

“आनि काय केलंस?”

“उपास धरला. तांब्याभर कारल्याचा रस प्यालो. पहाटे जोर-बैठका मारल्या त्या चक्कर येऊन पडूपर्यंत. साखर उतरली. मग सगळं सोडलं, तर पुन्यांदा चढून बसली.” तो कट्ट्याला टेकला. “एक कुस्ती मी बरोबरीत सोडवली न्हाई, वस्ताद. आन् ही...”

वस्ताद उठले. हात धुतले, फावडं घेतलं आणि कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती सावकाश उकरायला लागले. इथं माझ्या पायावर बेतलंय आणि म्हातारा माती खालीवर करतोय, शामगोंडाच्या मनात आलं.

“मलाबी हाय,” वस्ताद म्हणाले.

“काय?”

“साखर. तू लंगोट बांधायला शिकलास त्याच्या आधीपास्नं.”

शामगोंडा बघतच राहिला. इतकी वर्षं ह्यांच्या हाताखाली काढली आणि कधी पत्ता लागला नाही.

“मग... कुठल्या डावावर पाडलीत?”

“पाडली कुठं? रोज बरोबरीत सोडवतो.”

म्हणजे ही जाणारच नाही? आयुष्यभर मानगुटीवर?

निदान घाम तरी गाळावा म्हणून तो तसाच हौद्यात उतरायला निघाला.

“थांब!” वस्ताद ओरडले. “उघडी जखम घेऊन मातीत?”

ते दाराबाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात शामगोंडाच्या चपला होत्या. त्या तालमीत चप्पल घालून आजवर कुणी पाऊल टाकलं नव्हतं. वस्तादांनी त्या खाली वाकून शिष्याच्या पायाशी ठेवल्या.

“वस्ताद, काय करताय हे! पाप लावताय मला...”

“घाल.”

शामगोंडाचे डोळे भरून आले. त्यानं चपला घातल्या.

“जेवून आलायस न्हवं? चल.”

दोघं हौद्याच्या काठाकाठानं चालू लागले. ना जोर, ना बैठका, नुसतं चालणं. शामगोंडाची खाली गेलेली मान बराच वेळ वर आली नाही...

शेवटी त्याला राहवलं नाही.

“पर वस्ताद, असं किती दिस चालायचं?”

वस्ताद थांबले नाहीत.

“उद्या जेवनार हाईस न्हवं?”