सावरपारच्या तलावावरची हाक

फार वर्षांपूर्वी, झाडीपट्टीत माणसं थोडी आणि तलाव उदंड होते, त्या काळातली ही गोष्ट. सावरपार नावाचं चाळीस घरांचं गाव होतं, बहुतेक घरं ढीवरांची, मासे धरणाऱ्यांची. गावाला लागून मोठा तलाव. वर दोन कोसांवर पळसटोला, तिथे दुसरा तलाव. वरच्या तलावाच्या बांधात पाणी सोडायचं दार होतं, त्याला तुडूम म्हणतात. तुडूम उघडलं की पाणी नाल्यानं खाली सावरपारला येई.

सावरपारात कौतिका राहायची. तिचा नवरा उदाराम जाळं ओढायचा आणि ती काठावर टोपली घेऊन बसायची. जाळं काठाला आलं की उदाराम छाती भरून ओरडायचा, "बेणं!" मग कौतिका पोटुशा मासोळ्या निवडून पाण्यात परत सोडायची. जे खायचं नाही, वाढायला राखायचं, ते बेणं. थोड्या वेळानं तो ओरडायचा, "वाटा!" ती चार मासोळ्या बगळ्यांसाठी, पाणमांजरासाठी काठावर ठेवायची. टोपली अर्धी भरली की तो म्हणायचा, "पुढचे!" आणि जाळं गुंडाळायचा. पुढचे म्हणजे जे अजून जन्मले नाहीत ते. आणि मासोळीची वीण सुरू झाली की पाण्याकडे बघून एकच शब्द, "पड." शेत पड ठेवतात तसा तो तलाव पड ठेवायचा, चार महिने.

लोक हसायचे. "चला बाप्पा, उदारामाची शाळा भरली," म्हणायचे. पण शाळेतल्यासारखं ऐकायचेही. एका साली पळसटोल्याच्या तलावातली मासोळी रोगानं मेली, तेव्हा उदाराम मडक्यात बेणं घेऊन दोन कोस चालत गेला होता, असं म्हणतात.

मग उदाराम तीन दिवसांच्या तापात गेला.

कौतिका रडली, जेवली, कामाला लागली. पण संध्याकाळी ती तलावावर जाऊन बसायची. वर्ष गेलं, आणि एके दिवशी तिच्या ध्यानात आलं की त्याचा चेहरा तिला नीट आठवत नाही. भुवया आठवत, कान आठवत, पण ते एकत्र येत नसत. आवाज मात्र तसाच्या तसा होता. तो जाऊ नये म्हणून ती काठावर उभी राहून ते चार शब्द स्वतःच म्हणायची. तिचा आवाज बारीक. पलीकडच्या काठापर्यंतही पोचायचा नाही.

बाकी कोणी ते शब्द म्हणेना. म्हणायला कोणी नाही, तर पाळायला तरी कोण असणार? विणीच्या दिवसांत जाळी पडू लागली. बारीक छिद्रांची जाळी आली. मरळ मासोळीची जोडी आपल्या लाल पिल्लांभोवती फिरत असते, जाळं आलं तरी पिल्लं टाकून पळत नाही. लोक नेमकी तीच धरू लागले, कारण ती धरायला सोपी.

त्यानंतर तिसऱ्या साली पाऊस आलाच नाही. तलाव आटत आटत मध्यावरच्या एका खड्ड्यापुरता उरला. गावात मोहाची फुलं उकडून खात होते. त्या खड्ड्यात मरळीची एकच जोडी राहिली होती, आणि तिच्याभोवती कुंकू सांडावं तशी पिल्लं.

कौतिकाचा दीर दसाराम जाळं घेऊन निघाला. मागे गाव निघालं. येऊन बघतात तो कौतिका खड्ड्यात कमरेएवढ्या पाण्यात उभी.

"वयनी, बाहेर निघ," दसाराम म्हणाला.

"नाही निघत."

"दादा गेला, आता त्याची शाळा तू चालवतेस का वो?"

"चालवीन. तू पहिल्यापासून ढ होतास."

बायका पदराआड हसल्या. दसाराम हसला नाही. "घरी चार लेकरं हायेत माही. काल कोनी काही खाल्लं नाही. दगडं खाऊ का?"

कौतिकानं काठावर जमलेल्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "घरं चाळीस, मासोळ्या दोन. काट्यासकट वाटल्या तरी घोटभर रस्सा येईन एकेका घरी. तो पिऊन झाला की तलाव संपला. उद्या पानी आलं, तर त्यात कोनती मासोळी पोहीन?"

"उद्याचं उद्या बघू."

"मंजुळेच्या पोटात कोन हाय, दसाराम?"

मंजुळा त्याची बायको. सातवा महिना होता. ती मागेच उभी होती.

"त्याले काय सांगशील?" कौतिका म्हणाली. "की तुह्या पाळीचं आमी खाऊन टाकलं?"

दसारामानं जाळं खांद्यावरून उतरवलं. पाण्यात टाकलं नाही, पण घरीही नेलं नाही. काठावरच बसला. भूक होती, आणि भुकेपुढे बोललेलं किती टिकणार हे कौतिकाला ठाऊक होतं. म्हणून ती पाण्यातून निघाली नाही. सात दिवस उभी राहिली, असं म्हणतात. पिल्लं तिच्या पायांभोवती फिरत. उन्हानं खड्डा रोज आटे, पण तिच्या गुडघ्याखाली पाणी गेलं नाही. मंजुळा मोहाची फुलं आणून तिला आपल्या हातानं भरवायची.

रोज संध्याकाळी कौतिका ते चार शब्द म्हणायची. सातव्या संध्याकाळी तिनं "वाटा" म्हणायला तोंड उघडलं आणि तिच्या गळ्यातून उदारामाचा आवाज निघाला. जाड, खरखरीत, शेवटी जरा चढणारा. ती दचकली. इतक्या दिवसांत तो इतका जवळ कधी आला नव्हता. तिनं डोळे मिटले आणि पुन्हा हाक दिली, पुन्हा दिली, थांबलीच नाही.

दोन कोसांवर पळसटोल्याची माणसं खाटा टाकून अंगणात बसली होती. त्यांच्या तलावातही पाणी बेताचंच होतं. एक म्हातारा उठून उभा राहिला. म्हणाला, "उदाराम वाटा मागून राहिला." तो मेल्याचं सगळ्यांना माहीत होतं. तरी कोणी तसं म्हणालं नाही. त्यांना ते मडकं आठवलं. त्यांनी जाऊन तुडूम उघडलं, एका दिवसाचं पाणी सोडलं.

नाल्यानं पाणी आलं. खड्डा भरला, कौतिकाच्या छातीपर्यंत चढला, आणि पिल्लं त्या नव्या पाण्यात पसरली. पुढच्या साली तलाव तुडुंब भरला, तेव्हा सगळी मासोळी त्याच बेण्याची होती.

कौतिकाचं काय झालं, याबद्दल दोन गोष्टी सांगतात. कोणी म्हणतं, दसारामानं तिला उचलून घरी आणलं आणि मंजुळेची लेक तिनंच वाढवली. कोणी म्हणतं, ती त्या आवाजामागे पाण्यात गेली. सावरपारची म्हातारी माणसं दोन्ही ऐकून घेतात.

आजही सावरपारात चार महिने तलाव पड असतो. जाळी उघडायच्या दिवशी सगळं गाव बांधावर जमतं. त्या वर्षात ज्याच्या घरचं माणूस गेलं असेल, त्यानं पुढे व्हायचं आणि ते चार शब्द ओरडायचे. हाच मान, दुसरा नाही. आवाज बारीक असला तरी चालतो, मध्येच फुटला तरी कोणी मान वळवून बघत नाही. हाक संपली की जाळी खांद्यावर घेऊन सगळे उभे राहतात. पलीकडच्या काठावरून कोणाचं उत्तर यायला जेवढा वेळ लागेल, तेवढा. तो वेळ आजवर कोणी मोजलेला नाही. हाक देणारा स्वतःहून पाण्यात पाय टाकतो, तेव्हाच बाकीचे उतरतात.