सपाट वाटेवरची पराणी

अवजारांनाही बोलता येत होतं, त्या काळची ही गोष्ट. पोळ्याच्या आदल्या दिवशी येसाजी आपल्या म्हाताऱ्या बैलाचे खांदे हळद-तुपाने चोळत होता. चोळता चोळता हात मागे पुठ्ठ्यावर गेला आणि जुन्या वणांवर अडखळला.

"एवढे वण कशाचे रे?" त्याने विचारलं.

"तुमच्या पराणीचे, धनी," बैल म्हणाला. "गाडी चिखलात रुतली, चढावर मी अडलो, तेव्हाचे मी मनात धरले नाहीत. पण विहिरीच्या सपाट वाटेवर मी नीट चालत होतो. तेव्हा का टोचलं, एवढं मला अजून कळलेलं नाही."

येसाजीने कोपऱ्यातल्या पराणीकडे, त्या खिळा ठोकलेल्या काठीकडे, रागाने बोट केलं. "खिळा हिचा! विचार हिला."

पराणी म्हणाली, "खिळा माझाच. पण माझ्या दुसऱ्या टोकाला तुमची मूठ असायची, धनी. बैल अडला की ती रागाने आवळली जायची. विहिरीच्या वाटेवर मात्र ती सैल असायची, निवांत. एवढं मोठं जनावर आपल्यामुळे दचकतं, हे बघून तुम्ही हसायचात. हसू ओसरलं की पुन्हा टोचायचात."

येसाजीचा हात वणावर तसाच राहिला. तो काढावा की ठेवावा, त्याला कळेना. बोटांवरची हळद सुकत चालली.

बैलाला वाटलं, धनी दमले. दुसरा खांदा चोळायला सोपं जावं म्हणून त्याने मान आणखी खाली केली.