कमानीतली बोटभर जागा

एकदा एका हळदीच्या व्यापाऱ्याने, पन्नाशी ओलांडल्यावर, हौसेने वेगवान सेडान घेतली. गाडी देखणी होती. पण चाक आणि त्यावरची पत्र्याची कमान यांच्यामध्ये दोन बोटांची पोकळी होती, ती त्याच्या डोळ्यांत खुपू लागली. थोरल्याचा सदरा धाकट्याने घालावा तशी गाडी दिसते, असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला. सांगून भागेना, तेव्हा तो घाटाच्या पायथ्याशी असलेल्या वस्तादांच्या टायरच्या दुकानात गेला.

वृद्ध वस्ताद त्या दिवशी परगावी होते. दुकानात होता त्यांचा शिष्य मल्हारी. तिशी उलटलेला, दोन लेकरांचा बाप, आणि तीन वर्षे शिकूनही एकट्याने निर्णय घ्यायची संधी न मिळालेला. ती आज चालून आली होती. त्याने चाकापाशी बसून टेप लावली आणि ऐटीत सांगितले, "शेठ, मूळचे टायर सव्वादोनशे मिलिमीटर रुंद आहेत. दोनशे पंचावन्नचे टाकू, चाकाचे रिमही रुंद मागवू. कमान अशी भरेल, की लोक थांबून बघतील."

रिम आले, टायर चढले. गाडी खरोखरच रुबाबदार दिसू लागली. शेठ न्यायला आले तेव्हा वस्ताद परतले होते. "परवा घाट ओलांडून लेकीला बाळंतपणासाठी आणायचंय," शेठ कौतुकाने म्हणाले.

वस्तादांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "मल्हारी, समोरच्या खानावळीतून मळलेल्या कणकेचा गोळा आण. आणि जेवून उठलेली चार माणसं आण. मालक आले तर फारच उत्तम."

"वस्ताद, पोळ्या लाटायच्यात की काय?" शेठ हसले. खानावळीचे मालक आले. ते एकटेच दोघांच्या जागी पुरणारे होते, त्यामुळे बघणाऱ्यांची चांगलीच करमणूक झाली. मल्हारी मनातून चडफडला. आपल्या पहिल्यावहिल्या कामाचा असा तमाशा व्हावा, याचे त्याला फार वाईट वाटले.

वस्तादांनी चारही कमानींच्या आतल्या कडेला बोटभर जाडीची कणीक थापली. चौघांना गाडीत बसवले आणि मल्हारीला म्हणाले, "स्टीअरिंग पूर्ण वळव, आणि तसाच रस्त्यावरच्या गतिरोधकावरून सावकाश ने. परत येताना दुसऱ्या बाजूला वळव."

गाडी जाऊन आली. सगळे वाकून बघू लागले. कणीक टायरने खरवडून नेली होती आणि पत्र्याच्या कडेवर रबराचे काळे ओरखडे उमटले होते. हसणे थांबले.

"शेठ," वस्ताद म्हणाले, "गाडी रिकामी आणि चाक सरळ असतं, तेव्हा ही पोकळी उगाच ठेवल्यासारखी वाटते. माणसं बसली की गाडी खाली येते. वळण आलं की चाक तिरकं होतं. तेव्हा ती जागा लागते. भर घाटात ही कड टायर कापू शकते."

शेठचा चेहरा पांढराफटक पडला. मागच्या सीटवर त्यांची लेक बसणार होती. पाठोपाठ संताप आला. "मग हे टायर बसतील म्हणून सांगितलं कुणी? माप घेतलं कुणी?"

भरल्या गाडीचे माप घ्यावे, हे वस्तादांनी मल्हारीला कितीदा सांगितले होते. आता सगळ्या गावासमोर आपली शोभा होणार, कदाचित दुकानही सुटणार, हे त्याला स्पष्ट दिसले. पण वस्तादांनी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"शब्द माझ्या दुकानातून गेलाय, शेठ, म्हणजे तो माझाच. मूळच्या रिमवर दोनशे पस्तीसचे टायर बसवून देतो. पकड वाढेल आणि वळायला जागाही राहील." एवढे बोलून ते जॅक आणायला आत गेले.

गोष्ट तिथेच मिटली असती. मल्हारी गप्प राहिला असता, तर कुणी त्याला विचारले नसते. पण तो पुढे झाला. "शेठ, माप मी घेतलं. रिकाम्या गाडीचं घेतलं. चूक माझी आहे."

शेठ म्हणाले, "तर मग टायर तूच चढव. आणि माणसं बसवून तूच तपासून दे."

मल्हारीने नवी कणीक थापली. या खेपेला ती जशीच्या तशी राहिली.

दोन दिवसांनी गाडी घाट उतरून दुकानापाशी थांबली. मागे लेक आईच्या खांद्यावर डोके ठेवून गाढ झोपली होती. शेठनी काच खाली केली, ओठांवर बोट ठेवले आणि मल्हारीला हात जोडले.

गाडी गेल्यावर मल्हारी म्हणाला, "वस्ताद, त्या दिवशी तुम्ही मला बोलला नाहीत."

"बोललो असतो, तर तू काय केलं असतंस?"

मल्हारीने खरे तेच सांगितले. "सबबी सांगितल्या असत्या. शेठना घाई होती, टेप जुनी होती, असं काहीबाही."

"म्हणूनच. माणसाला वळायचं असतं, तेव्हा त्याच्या अंगाला भिडून उभं राहू नये. तो नुसता घासत राहतो, त्याला वळता येत नाही." वस्तादांनी हातातला पाना फडक्याने पुसला. "माझ्या वस्तादांनी मला अशी जागा फार वेळा दिली. मला ते कळलं, तोवर ते गेले होते. आभार मानायचे राहूनच गेले."

मल्हारीचे हात टायरच्या काजळीने माखले होते. ते धुवायलाही तो थांबला नाही.

"माझे राहायला नकोत," म्हणत तो वाकला.