दिव्याचा वैताग

शिडाच्या होड्यांवर विजेचे दिवे नुकतेच आले होते, तेव्हाची गोष्ट. एका होडीच्या डोलकाठीवरचा दिवा पार वैतागला होता. नवी बॅटरी निवडायचं काम शिडाकडे होतं आणि शीड नुसता रंग बघायचं. आधीच्या दोन्ही बॅटऱ्या भर समुद्रात बंद पडल्या होत्या.

या वेळी किनाऱ्यावर एक लालचुटुक बॅटरी होती आणि एक मळकट काळी.

"होडी कलली तर काय करशील?" दिव्याने लालीला विचारलं.

"कलायचं कशाला? माझं ॲसिड सांडतं."

"मी सीलबंद आहे," काळी म्हणाली. "आडवी झाले तरी चालेन."

"लालीला हळदकुंकू लावून झालंय," शीड म्हणालं. "शिवाय ती मला शोभते."

"घे बाबा," दिवा म्हणाला. "रात्री मी विझलो, की तुमची शोभा बघायला एखादं जहाज थेट अंगावर येईल."